धनेश : जंगलाचा माळी



आपल्या सीमाभागाला लागून असलेल्या सह्याद्रीच्या दाट रानात मोठा धनेश हा देखणा पक्षी राहतो. लांबी तीन-चार फूट, अंग काळे, मान व शेपटी पांढरी, शेपटीवर काळा पट्टा आणि भल्यामोठ्या पिवळ्या चोचीवर शिरस्त्राणासारखे शिंग! शेपटीजवळच्या ग्रंथीतील तेल तो चोचीने अंगाला लावतो. मानेचा व चोचीचा पिवळा रंग हा त्या तेलाचाच. उडताना त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा दूरवर ऐकू येतो.

त्याचे घरटे तर नवलच आहे. जानेवारीच्या सुमारास मादी उंच, जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांच्या गराने तोंड लिंपून घेते. उरते फक्त एक अरुंद फट. त्या फटीतून नर तिला व पुढे पिल्लालाही भरवतो. काही महिने घरचा तो एकटाच कमावता! अशा वेळी नराची शिकार झाली, तर आत कोंडलेल्या कुटुंबावरही उपासमारीची वेळ येते.

वड, उंबर यांसारखी फळे हे त्याचे मुख्य खाद्य. फळांच्या बिया तो दूरवर टाकतो. त्यातूनच नवी झाडे उगवतात, म्हणून तो जंगलाचा माळी.

मात्र धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुने झाड तोडले की त्याचे घर गेले, आणि आज लावलेल्या रोपात तशी ढोली व्हायला कित्येक पिढ्या लागतात. शिवाय चोचीसाठी, मांसासाठी आणि औषधी समजल्या जाणाऱ्या चरबीसाठी त्याची शिकार होते. २०१८ पासून जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी आहे.

तरीही आशेला जागा आहे. अरुणाचल प्रदेशातील न्यिशी समाजाचे लोक पारंपरिक टोपीवर धनेशाची खरी चोच लावत. आता त्यांतील अनेकजण फायबरची चोच वापरतात. परंपराही टिकली, पक्षीही वाचला. आपल्या शेजारी दांडेली येथेही २०११ साली धनेशांसाठी राखीव क्षेत्र घोषित झाले.

आपण काय करू शकतो? गावच्या देवराईतील, रस्त्याकडेचा जुना वड किंवा उंबर तोडायला निघाला, तर घरच्या मोठ्यांना एवढेच सांगा : "नवे झाड जरूर लावू, पण जुने आधी राखू."