तिरप्या पाटाचा न्याय

1876-77 च्या दुष्काळानंतर खणला गेलेला नीरा डावा कालवा बारामती तालुक्यातून इंदापुराकडे जातो, तो सरळ रेषेत जात नाही. पाणी केवळ उताराच्या बळावर वाहावे म्हणून ज्या इंजिनिअरांनी त्याची आखणी केली त्यांनी जमिनीच्या समपातळीचा माग धरला, आणि त्यामुळे नदीकडे उतरणाऱ्या पायवाटा व शेतांचे बांध त्याला कोठे काटकोनात तर कोठे तिरपे येऊन भेटतात. ऊस, साखर कारखाने आणि कवी मोरोपंत पराडकर यांच्यामुळे ख्यातकीर्त झालेल्या या मुलखाचा गोल्फशी संबंध जोडावा असे कोणास सहसा सुचणार नाही. आणि त्या खेळासाठी पुणे जिल्ह्यातील हौशी मंडळी येरवड्याच्या मैदानाची वाट धरतात हेही खरे. तथापि मैदाने आखणारे स्थपती ज्या युक्तीला आपल्या विद्येचे मर्म मानतात, ती समजून घेण्यास या कालव्याइतका सोयीचा नकाशा मला दुसरा आढळला नाही.

खेळ न पाहिलेल्या वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ‘टी’ नामक लहानशा सपाट जागेवरून पहिला लांब टोला मारावयाचा, चेंडू ‘फेअरवे’ या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर उतरवावयाचा, आणि तेथून ‘ग्रीन’वरील भोकात शक्य तितक्या कमी टोल्यांत पोचवावयाचा, एवढाच या खेळाचा सारांश. वाटेत वाळूचे खड्डे, ओढे, तळी असे अडथळे असतात, आणि ते कोठे व कसे असावेत या एका प्रश्नावर मैदानाचे सारे भवितव्य अवलंबून असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात टॉम डन याच्यासारखे आखणीकार फेअरवेवर या काठापासून त्या काठापर्यंत सरळ आडवा खंदक घालीत. हा प्रकार जकातनाक्यासारखा होता: येईल त्याने ठरलेला दस्तूर भरावा, न भरेल त्याने मागे राहावे; बलिष्ठास त्यात विचार करण्याचे कारण नाही आणि दुर्बलास विचार करून उपयोग नाही. हाच खंदक तिरपा केला की काय होते, ते गणिताने पाहू. टीसमोर 180 मीटरवर कालवा आहे आणि तो खेळाडूच्या रोखाशी 45 अंशांचा कोन करून उजवीकडे जवळ येतो, डावीकडे दूर जातो, असे धरा. रोख 10 अंश उजवीकडे वळवला तर पाणी ओलांडण्यास 155 मीटरचा टोला पुरतो. तेवढाच डावीकडे वळवला तर सुमारे 222 मीटर लागतात. कालवा काटकोनात आडवा असता तर दोन्ही बाजूंस 183 मीटरच लागले असते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जवळच्या बाजूस वळणाऱ्याची सूट 25 मीटरांची, तर दूरच्या बाजूस वळणाऱ्यावरील बोजा 42 मीटरांचा. म्हणजे लोभ जसजसा वाढतो तसतसा प्रत्येक अंशाचा भाव चढत जातो.

अर्थात लोभाला फळ असल्याखेरीज कोणी तो धरणार नाही, म्हणून ग्रीन डावीकडे, कालव्याच्या दूरच्या टोकास ठेवावयाचे. जो 222 मीटर मारून पलीकडे उतरेल त्याचा दुसरा टोला आखूड होतो. जो उजवीकडून सुरक्षित जाईल त्याला पुढे लांबचा पल्ला राहतो. कोणालाही मज्जाव नाही, परंतु आपल्या बाहुबलाचा खरा हिशेब प्रत्येकाने टीवर उभे राहूनच करावयाचा, आणि तो बहुधा चुकतो तो अंगात बळ कमी म्हणून नव्हे, तर आपले बळ किती याविषयीच्या भ्रमामुळे.

या कल्पनेस शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड या अमेरिकन गृहस्थास जाते. 1872 साली विद्यार्थी म्हणून स्कॉटलंडात सेंट अँड्रूजला गेलेल्या या माणसाने तेथील मैदानांचे मर्म हेरले आणि पुढे लाँग आयलंडवरील नॅशनल गोल्फ लिंक्सच्या चौदाव्या होलवर, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या चौदाव्या टप्प्यावर, ‘केप’ या नावाने ही रचना साकारली. बर्म्युडातील मिड ओशन क्लबचा, तळ्यावरून तिरपा टोला मागणारा पाचवा होलही त्याचाच. त्यानंतर या रचनेच्या इतक्या नकला झाल्या की काही ठिकाणी तळे तेवढे उरले आणि विचार हरपला. ग्रीन कोणत्याही बाजूने सारखेच गाठता येत असेल तर तिरपेपणा निव्वळ शोभेचा.

कोनाचेही तारतम्य हवे. आडव्या रेषेपासून 20 अंशच कलवलेला कालवा त्याच दोन रोखांवर 172 आणि 195 मीटर मागतो. एवढ्याशा फरकासाठी कोणी फारसा विचार करीत नाही. कोणती बाजू जवळ ठेवावी हाही प्रश्न आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू बहुधा उजवीकडे भरकटतो आणि आखूडही पडतो. तेव्हा जवळची बाजू उजवीकडे ठेवणे ही त्याच्यावरील दया, आणि उलट करणे म्हणजे एकाच अपराधाला दोनदा शिक्षा. स्त्रियांची वा वृद्धांची टी नुसती पुढे न सरकवता बाजूलाही सरकवली, तर कोन पालटतो आणि त्यांनाही आपल्या बळाच्या प्रमाणात तोच पेच मिळतो. बऱ्याच ठिकाणी मात्र ही तसदी घेतली जात नाही.

बारामतीच्या जिरायत पट्ट्यात, जेथे वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खेळासाठी तळे भरणे मला अशिष्ट वाटते. पण या युक्तीला पाण्याची गरजच नाही. मुरमाड माळावरून तिरपी जाणारी कोरडी घळ, बाभळींनी भरलेला ओढा, हेही तेच काम चोख बजावतात.

इंदापुरात उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी मात्र आखणीकाराची खरी परीक्षा होईल. तेथे काठ ऋतूनुसार हलतो. पावसाळ्यानंतर पाणी बांधांवर चढते, उन्हाळ्यात ते इतके ओसरते की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. ऑक्टोबरात 180 मीटरचा असलेला टोला मेमध्ये निराळाच व्हावयाचा. गोल्फच्या नियमांत अडथळ्याची हद्द पाण्यावरून नव्हे, तर रोवलेल्या खुंट्यांवरून वा आखलेल्या रेषेवरून ठरते. तेव्हा खुंट्या जलाशय पूर्ण भरल्यावरच्या काठावर रोवाव्या लागतील, आणि मेमधल्या खेळाडूस कोरड्या ढेकळांत पडलेल्या चेंडूसाठी, तो तेथूनच मारावयाचा नसेल तर, एका टोल्याचा दंड मुकाट्याने भरावा लागेल.