उंबरठा एका नॅनोमीटरचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुरामुळे कोल्हापूर परिसरात अनेक ठिकाणी वीजपुरवठा खंडित झाला. त्यानंतर संगणक कक्षात एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले होते, “वीज जाताच संगणक लिहिलेले का विसरतो? वहीतले तर तसेच राहते.” त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. स्मरणिकेच्या निमित्ताने ते पूर्ण करीत आहोत.

संगणकाची नेहमीची तात्पुरती स्मृती सूक्ष्म घटकांत विद्युतभार साठवून चालते. हा भार सतत गळतो, म्हणून तो सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो. वीज थांबली की स्मृती पुसली जाते. मात्र इलेक्ट्रॉनजवळ भाराखेरीज आणखी एक गुण असतो, तो म्हणजे स्पिन. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा प्रत्यक्ष फिरत नाही. पण स्पिनमुळे तो अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो, आणि मोजताना या स्पिनच्या दोनच दिशा आढळतात, ‘वर’ किंवा ‘खाली’. १९२२ मध्ये स्टर्न आणि गेरलाख यांच्या प्रयोगात चांदीच्या अणूंचा झोत दोन भागांत विभागला गेला. १९२५ मध्ये उलेनबेक व गाउडस्मिट यांनी स्पिनची कल्पना मांडली आणि त्या निरीक्षणाचा अर्थ पुढे उलगडला.

आता लोहचुंबकीय धातूचे दोन थर घ्या आणि त्यांच्यामध्ये सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक थर ठेवा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. एरवी रोधकातून धारा वाहत नाही. पण थर इतका पातळ असला की पुंजभौतिकीच्या नियमांनुसार काही इलेक्ट्रॉन पलीकडे पोहोचतात, आणि जाताना आपली स्पिन-दिशा सहसा टिकवतात.

यासाठी आपल्या वसतिगृहातील पंगत आठवावी. समजा, उजव्या गटाने उजव्या रांगेतच आणि डाव्या गटाने डाव्या रांगेतच बसायचे. उजव्या गटात मुले पुष्कळ आणि उजव्या रांगेत जागाही पुष्कळ असतील, तर पंगत झटपट भरते. जागा मात्र डावीकडेच जास्त असतील, तर दाराशी खोळंबा होतो. तसेच येथे घडते. दोन्ही थरांचे चुंबकत्व एकाच दिशेस असेल तर रोध कमी, परस्परविरुद्ध असेल तर जास्त. एक स्थिती ‘शून्य’, दुसरी ‘एक’. चुंबकत्वाची दिशा वीज गेल्यावरही टिकते, म्हणून ही स्मृती वहीसारखी राहते.

१९९५ मध्ये अमेरिकेत जगदीश मूडेरा व सहकाऱ्यांनी रोधातील हा फरक सामान्य तापमानास सुमारे १२ टक्के दाखवला. २००४ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर वापरून तो २०० टक्क्यांच्या आसपास गेला.

परंतु ही दिशा बदलायची कशी? बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावता येते; मात्र १९९६ मध्ये स्लोन्चेव्स्की व बर्जर यांनी दुसरा मार्ग दाखवला. पहिल्या थरातून एका दिशेस ‘वळलेले’ इलेक्ट्रॉन दुसऱ्या थरात शिरले की त्याच्या चुंबकत्वाला पीळ देतात. म्हणजे धारा स्वतःच चुंबक फिरवू शकते.

याच पिळाचा एक सुंदर उपयोग २००५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जपानमध्ये झालेल्या या संशोधनाचे प्रथम लेखक अश्विन तुळापूरकर पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. त्यांनी अशा जोडातून उच्च वारंवारतेची प्रत्यावर्ती धारा सोडली. धारा एका दिशेस असताना चुंबकत्व झुकून रोध कमी होई, उलट दिशेस वाढे. परिणामी दोन्ही अर्ध्या फेऱ्या एकमेकींना पुरत्या रद्द करीत नाहीत आणि एकदिश विभवांतर उरते. डायोडचे काम येथे स्पिनने केले!

अशी चुंबकीय स्मृती आज बाजारात आहे; पण दिशा बदलण्यास लागणारी धारा अजून बरीच असते आणि वारंवारच्या वापराने तो पातळ थर झिजतो. म्हणून संशोधन चालूच आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, पालकहो, प्रश्न विचारणारा तो मुलगा आपल्या प्रत्येक वर्गात बसलेला असतो. पदार्थविज्ञान शिकलेल्यांनी एक दिवस येऊन त्याच्याशी बोलावे. चुंबकसूची आणि तारेचे वेटोळे आमच्या प्रयोगशाळेत आहे. सुरुवातीस तेवढे पुरेसे आहे.