कॅफीनमुक्त कॉफी

कॅफीनमुक्त कॉफी (बोलीभाषेत 'डिकॅफ') म्हणजे भाजण्यापूर्वीच कच्च्या बियांमधील बहुतांश कॅफीन काढून तयार केलेली कॉफी होय. 'मुक्त' हा शब्द येथे सैलपणे वापरला जातो. युरोपातील नियमांनुसार अशा भाजलेल्या कॉफीत ०.१ टक्के, तर झटपट कॉफीच्या भुकटीत ०.३ टक्क्यांपर्यंत कॅफीन चालते. मूळ अरेबिका बियांत ते सुमारे १.२ टक्के आणि रोबस्टा बियांत सुमारे दुप्पट असते.

== इतिहास आणि प्रक्रिया ==

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीप फेर्डिनांड रुंगे यांनी १८१९ मध्ये कॅफीन वेगळे केले. त्यांना कॉफीच्या बिया अभ्यासण्यास सुचविले ते कवी गटे यांनी. व्यापारी प्रमाणावर कॅफीन काढण्याची रीत ब्रेमेनचे कॉफी व्यापारी लुडविग रोझेलियुस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केली. त्यांनी द्रावक म्हणून वापरलेले बेंझीन पुढे कर्करोगकारक ठरले आणि मागे पडले.

आज डायक्लोरोमिथेन किंवा इथाइल ॲसिटेट हे द्रावक वापरले जातात. पाण्याच्या पद्धतीत एक पेच होता. गरम पाण्यात बिया भिजविल्या की कॅफीनबरोबर स्वादही निघून जातो. त्यावर तोडगा असा, की ते पाणी सक्रिय कोळशातून गाळून त्यातील फक्त कॅफीन काढायचे आणि स्वादाने संपृक्त झालेल्या त्याच पाण्यात पुढच्या खेपेच्या बिया भिजवायच्या. मग बियांतून कॅफीन तेवढे बाहेर येते. जर्मनीत कुर्ट त्सोसेल यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या पद्धतीत अतिउच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वापरला जातो. काढलेले कॅफीन वाया जात नाही. ते शीतपेये व औषधांच्या उत्पादकांना विकले जाते.

== कॅफीनचे कार्य व परिणाम ==

जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन हे द्रव्य साचत जाते व त्यामुळे झोप येऊ लागते. कॅफीन ॲडेनोसीनच्या ग्राहींवर जाऊन बसते. म्हणजे थकवा नाहीसा होत नाही, त्याची वर्दी तेवढी मेंदूपर्यंत पोहोचत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉफीवर जागणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या १०० मिलिग्रॅमपैकी सुमारे ५० मिलिग्रॅम रात्री अकरालाही शरीरात असतात. धूम्रपान करणाऱ्यांत हा काळ कमी असतो, तर गरोदरपणात तो बराच लांबतो. म्हणूनच युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, पण गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा मानली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. तीनुसार १५० मिलिलिटरच्या पेल्यात उकळलेल्या कॉफीतून ८० ते १२०, झटपट कॉफीतून ५० ते ६५ आणि चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन मिळते. जेवणाआधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असेही तीत म्हटले आहे. कारण त्यांतील टॅनिनमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने हा सल्ला कॅफीनच्या मर्यादेहूनही मोलाचा म्हणावा लागेल. कॅफीन काढल्याने लोहशोषणातील हा अडथळा दूर होत नाही.

== महाराष्ट्रात ==

राज्यात कॉफीची लागवड अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा परिसरात होते. ती अल्प आहे. मुंबई, ठाणे, डोंबिवली येथे उडुपी उपाहारगृहांमुळे फिल्टर कॉफी रुळली. तीत मिसळल्या जाणाऱ्या चिकोरीत कॅफीन नसते. त्यामुळे चिकोरीचे प्रमाण जितके अधिक, तितके पेल्यातील कॅफीन कमी.

मराठी घरांत मात्र कॉफी म्हणजे बहुधा जायफळ-वेलदोडा घातलेली, भरपूर दुधाची कॉफी. जायफळाने झोप येते या समजुतीने ती रात्रीही दिली जाते. पण जायफळ घातल्याने कॅफीन कमी होत नाही. निद्रानाशाची तक्रार असलेल्या वृद्धांसाठी येथे कॅफीनमुक्त भुकटी उपयोगी पडते. अर्थात, दिवसभरात पाच-सहा कप चहा घेणाऱ्याने रात्रीची एक कॉफी बदलून फारसे साधत नाही. महाराष्ट्रात कॅफीनचा मुख्य स्रोत चहाच आहे.

== मर्यादा ==

कॅफीनमुक्त कॉफीनेही जठरातील आम्ल वाढते, त्यामुळे पित्ताचा त्रास असणाऱ्यांना ती निर्धोक नव्हे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण कॉफी पिणाऱ्यांत कमी आढळते व कॅफीनमुक्त कॉफी पिणाऱ्यांतही तसेच दिसते. हा केवळ सहसंबंध असला, तरी त्यामागे कॅफीनव्यतिरिक्त इतर घटक असावेत, असे त्यावरून वाटते.

रोजचे कॅफीन एकाएकी बंद केल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी, चिडचिड व सुस्ती सुरू होते आणि काही दिवस टिकते. हरतालिकेसारख्या निर्जळी उपवासात दुपारनंतर डोके दुखू लागते, त्याचे एक कारण सकाळचा चुकलेला चहा हेही असू शकते. कॅफीन सोडायचे असल्यास नेहमीच्या भुकटीत कॅफीनमुक्त भुकटी थोडीथोडी वाढवीत दोन-तीन आठवड्यांत बदल केल्यास हा त्रास बहुधा टळतो.