नोंदवहीच ठरली चोरवाट

संकेतस्थळाच्या सर्व्हरवर कोण आले, काय मागितले, कोठे बिघाड झाला, याची नोंद 'लॉग'मध्ये होत असते. घुसखोरीचा माग काढताना तज्ज्ञ प्रथम याच नोंदी तपासतात. मात्र, डिसेंबर २०२१ मध्ये ही नोंदवहीच चोरवाट ठरली.

'लॉगफोरजे' हे नोंदी ठेवणारे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट सांकेतिक ओळ आढळली, की ते ती नुसती लिहून न ठेवता आज्ञा समजून पाळत असे आणि हल्लेखोराच्या सर्व्हरवरील घातक प्रोग्राम आणून चालवीत असे. अनेक ठिकाणी लॉग-इनच्या चौकटीत ही ओळ टाइप करणेही पुरेसे होते. २०१३ पासून दडलेल्या या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. पहिली दुरुस्ती अपुरी पडल्याने पाठोपाठ नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या.

सॉफ्टवेअर अद्ययावत करणे हा पहिला उपाय. पण कुलूप बदलल्याने आधीच आत शिरलेला चोर बाहेर जात नाही. त्यासाठी जुन्या नोंदी चाळाव्याच लागतात. घुसखोर त्या पुसूही शकतो, म्हणून त्यांची प्रत वेगळ्या संगणकावर हवी. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये १८० दिवसांच्या नोंदी सुरक्षित ठेवणे बंधनकारक केले, ते उगीच नव्हे.