लॅपटॉप घेताय? आधी पडदा पाहा, मग पैसे मोजा

बियाण्याची थैली आपण कशी फोडतो? खालच्या बाजूने, वरचा टॅग शाबूत ठेवून. मूठभर दाणे बाजूला काढतो आणि कृषी केंद्राचं बिल देवाच्या फोटोमागे खोचतो. २०२० च्या खरिपात कित्येकांचं सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा टॅग आणि बिल हाताशी असणाऱ्यालाच तक्रार नीट मांडता आली. पण तोच माणूस अकोल्याला जाऊन चाळीस-पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉप घेतो, तेव्हा खोकं न फोडता काखेत मारतो आणि पातूरची एस.टी. पकडतो.

दुसऱ्याला नावं ठेवायला हे लिहीत नाही. आमच्याच घरची गोष्ट आहे. पुतणीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. भावानं सोयाबीन विकलं, अकरा क्विंटलाचे पैसे एका खोक्यात गेले. पोरगी हरखली. आठव्या दिवशी रात्री लाइट गेली, अंधारात ती अभ्यास करत बसली, तर काळ्या पडद्याच्या मधोमध एक हिरवा ठिपका. पुसला, गेला नाही. नवव्या दिवशी आम्ही दुकानात. दुकानदार गोड बोलला, "भाऊ, एका ठिपक्यानं काय होते? अन् बदलून द्याची मुदत सात दिवसाची होती, बिलावर पाहून घ्या." बिलावर खरंच होतं, बारीक अक्षरात. सर्व्हिस सेंटरवाल्यानं तर कागदच दाखवला : इतके ठिपके होईपर्यंत कंपनी पडदा बदलत नाही.

आता हे ठिपक्यांचं गणित समजून घ्या. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यात पुन्हा लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक भाग. यातला एखादा कायमचा विझला तर पांढऱ्यावर काळा दिसतो, कायमचा पेटून राहिला तर काळ्यावर रंगीत चमकतो. २००१ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात पडद्यांचे चार वर्ग पाडले होते. त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन पेटलेले, दोन विझलेले आणि अर्धवट बिघडलेले पाच चालवून घेतले जातात. म्हणजे आपल्या पडद्यावर चार-चार ठिपके असले तरी कंपनीच्या लेखी माल चांगला! कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, पण बहुतेकांचा रोख हाच. वॉरंटी वर्षाची असली तरी ती दुरुस्तीची. बदलून मिळण्याची मुदत वेगळी आणि फार थोडी, हा फरक आम्हाला नवव्या दिवशी कळला.

म्हणून पडदा दुकानातच पाहायचा. पेंटमध्ये पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं अशी पाच चित्रं करून पेनड्राइव्हवर न्या. कोणताही शिकलेला पोरगा पाच मिनिटांत करून देईल. खोकं आपल्यासमोर फोडायला लावा. नवं यंत्र पहिल्यांदा चालू होताना नाव-गाव, इंटरनेट विचारत बसतं, अर्धा तास जातो, दुकानदार कंटाळतो. कंटाळू द्या. पडदा मऊ फडक्यानं पुसा, नाही तर धूळच ठिपका वाटते. मग एकेक चित्र पूर्ण पडद्यावर, उजेड पूर्ण वाढवून. काळं चित्र दुकानातल्या लख्ख दिव्याखाली पाहण्यात अर्थ नाही. जरा आडोशाला न्या, कडेनं उजेड फुटतो का तेही तिथंच दिसतं. पडदा थोडा मागे-पुढे हलवा, रेघ येते का, लुकलुकतो का पाहा. तडा गेलेली काच वॉरंटीत बसत नाही, आणि घरी नेल्यावर तडा कोणी पाडला हा वाद संपत नाही.

पैसे देण्याआधी दुकानदाराला सरळ विचारा, "एक ठिपका निघाला तर बदलून देता का, अन् किती दिवसांत?" हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या. बिल पक्कं, जीएसटीचं, त्यावर मॉडेल आणि यंत्राचा सिरियल नंबर. खोक्यावरचा नंबर जुळवून घ्या. काही कंपन्या बदलीआधी सर्व्हिस सेंटरचा दाखला मागतात, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. ऑनलाइन मागवलं असेल तर खोकं फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी पाहून गप्प बसू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मात्र रंग आवडला नाही म्हणून परत, असं त्यात नाही. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथं न निभलं तर अकोल्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षं. बियाण्याच्या तक्रारीत शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं. तोच दरवाजा इथंही आहे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना वेगळं सांगतो. जेम पोर्टलवरून आलेला माल स्वीकारायला किंवा नाकारायला दहा दिवस असतात. खोकं कपाटात ठेवून आधी जडसंग्रह नोंदवहीत नोंद आणि स्वीकृती, असं करू नका. एका ठिपक्यानं सातबाऱ्यातला आर-हेक्टर काही बदलत नाही, पण दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याची नजर सारखी तिथंच अडकते.

पुतणी त्याच लॅपटॉपवर शिकते आहे. परवा शेजाऱ्याच्या पोराला घ्यायचा होता, तर तीच पेनड्राइव्ह घेऊन सोबत गेली. पहिल्या यंत्राच्या उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका निघाला. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण पैसे अजून आमच्याच खिशात होते. त्यानं दुसरं खोकं फोडलं.