पावसाळी गळतीचे निदान

पावसाळी गळतीचे निदान म्हणजे घरात दिसणारे पावसाचे पाणी कोठून शिरते, कोणत्या मार्गाने वाहते आणि कोणत्या कारणाने आत येते, हे दुरुस्तीपूर्वी निश्चित करण्याची पद्धत होय. छतावर किंवा भिंतीवर ओल दिसते ते ठिकाण बहुधा पाण्याच्या प्रवासाचा शेवट असते. प्रवेशाची जागा तेथून काही मीटर दूर असू शकते. त्यामुळे केवळ डाग पडलेल्या जागी गिलावा किंवा रंग केल्याने ओल झाकली जाते, परंतु गळती थांबत नाही.

पाणी आत येण्याची कारणे

गळतीसाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : पाणी, वाट आणि पाण्याला आत ढकलणारे किंवा ओढणारे बल. गुरुत्वाकर्षणाने पाणी उताराच्या दिशेने जाते. वाऱ्याच्या दाबाने ते भिंतीतील व खिडकीतील फटींतून आत रेटले जाते. केशाकर्षणामुळे अरुंद फटीत ते आडवे किंवा वरच्या दिशेनेही सरकते. पृष्ठताणामुळे छज्जाच्या कडेवरून खाली न पडता ते त्याच्या खालच्या बाजूला चिकटून भिंतीपर्यंत जाते. हे टाळण्यासाठी छज्जाच्या खालच्या पृष्ठावर कडेने एक खाच ठेवतात. तेथे पाण्याची धार तुटते.

नाशिक परिसरातील पाऊस व घरबांधणी

नाशिक जिल्ह्यात पावसाचे प्रमाण पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने घटते. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत वर्षाला सुमारे ३,००० मिमी किंवा त्याहून अधिक, तर नाशिक शहरात सुमारे ७०० मिमी पाऊस पडतो. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिमी पाऊस पडला तर १०० लिटर पाणी जमते. या हिशेबाने नाशिकमधील अशा गच्चीवरून वर्षाला सुमारे ७०,००० लिटर पाणी वाहून जावे लागते. मोसमी वारे मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिम दिशांकडून येत असल्याने त्या बाजूंच्या भिंतींवर पावसाचा मारा अधिक होतो.

घरांची रचनाही या फरकाला अनुसरून दिसते. घाटमाथ्यावर तीव्र उताराची कौलारू छपरे, तर खानदेशाला लागून असलेल्या कोरड्या भागात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरे बांधली जात. जुने नाशिक व पंचवटी येथील वाड्यांत लाकडी सांगाडा, विटांच्या भिंती आणि कौलारू छप्पर आढळते. अशा घरांची पावसाळ्यापूर्वी शाकारणी करण्याची, म्हणजे फुटकी व सरकलेली कौले बदलून पाखे नीट लावण्याची, प्रथा होती. शाकारणीत दरवर्षी सर्व छपराची पाहणी होत असे. सपाट काँक्रीट गच्चीच्या इमारतींत अशी ठरलेली वार्षिक पाहणी बहुधा नसते, आणि दोष ओल आत येईपर्यंत लक्षात येत नाही.

ओलीचा प्रकार ओळखणे

प्रत्येक ओल पावसाची नसते. तिचा प्रकार पुढील खुणांवरून ओळखता येतो :

- उन्हाळ्यातही टिकणारी ओल बहुधा नळ, मोरी किंवा सांडपाण्याच्या नळीतील दोषामुळे असते.
- जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीपर्यंत चढणारी आणि भिंतीला लोणा आणणारी ओल ही जमिनीतून केशाकर्षणाने वर आलेली असू शकते.
- थंड पृष्ठभागावर सर्वत्र सारखे दवबिंदू जमत असतील, तर ते हवेतील बाष्पाचे संघनन असते.
- पावसासोबत सुरू होणारी आणि उघडीप मिळाल्यावर कमी होत जाणारी ओल ही पावसाळी गळतीची खूण होय.

पाऊस व ओल यांतील वेळेचे अंतर महत्त्वाचे असते. पाऊस सुरू होताच पाणी टपकले, तर वाट थेट व मोकळी असते. गळती काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही चालू राहिली, तर गच्चीवरील विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात पाणी साठून सावकाश झिरपत असण्याचा संभव असतो. केवळ विशिष्ट दिशेच्या वाऱ्यासह ओल येत असेल, तर दोष गच्चीपेक्षा त्या बाजूच्या भिंतीत किंवा खिडकीत शोधावा लागतो. म्हणून ओलीची जागा, तारीख, वेळ, पावसाचा जोर व वाऱ्याची दिशा यांची नोंद ठेवणे हा निदानाचा पहिला टप्पा मानला जातो.

नेहमीची प्रवेशस्थाने

सलग पृष्ठभागापेक्षा दोन भाग जेथे मिळतात तेथे गळतीचा संभव अधिक असतो. गच्ची व कठडा यांचा कोपरा, पाणी वाहून नेणाऱ्या नळीचे तोंड, पाण्याच्या टाकीचे पाये, काँक्रीटची तुळई व विटांची भिंत यांमधील रेघ, खिडकीची चौकट आणि मागाहून बसवलेली जाळी किंवा बंदिस्त केलेली बाल्कनी ही प्रमुख स्थाने होत. कौलारू छपरात आढ्यावरील कौले, दोन पाखे मिळतात ती पन्हळ आणि भिंतीला टेकलेली छपराची कड येथे पाणी शिरते.

काँक्रीटच्या छतातून विजेच्या तारांच्या नळ्या गेलेल्या असतात. वरून शिरलेले पाणी या नळ्यांतून वाहत जाऊन पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागी टपकते. अशा वेळी दोष दिव्याच्या वर असतोच असे नाही. तेथील वीजपुरवठा प्रथम बंद करणे आवश्यक असते.

चाचण्या

पाणी साठवण्याच्या चाचणीत गच्चीवरील नळ्यांची तोंडे बंद करून साधारण २५ ते ५० मिमी खोलीचे पाणी २४ ते ७२ तास ठेवतात व खालून पाहणी करतात. ५० मिमी पाण्याचा भार प्रति चौरस मीटर ५० किलो होतो. त्यामुळे जीर्ण छतावर ही चाचणी टाळतात.

भिंती व खिडक्यांसाठी फवारा चाचणी वापरतात. फवारा सर्वांत खालच्या सांध्यापासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वर नेतात आणि प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबतात. सुरुवात वरून केली तर पाणी खालच्या सर्व सांध्यांवरून ओघळते आणि नेमका दोषी सांधा कळत नाही. एकाहून अधिक वाटांचा संशय असल्यास फ्लुओरेसीनसारखे रंगद्रव्य पाण्यात मिसळतात. ओलावामापक व अवरक्त छायाचित्रण यांनी ओलसर भागाची व्याप्ती कळते. मात्र भिंतीतील क्षारांमुळे ओलावामापक प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवू शकतो.

सरकत्या भागांचे सांधे

सरकत्या खिडक्या आणि निवासी वाहनाच्या बाहेर सरकणाऱ्या खोल्या यांना कायमचा लेप लावता येत नाही, कारण सांधा हलता असतो. तेथे रबरी पट्ट्या पाणी अडवतात. पट्टीचा कोपरा फाटणे, तिच्याखाली पाने-माती अडकणे, चौकट वाकडी होणे किंवा पाणी बाहेर सोडणारी छिद्रे बुजणे ही गळतीची नेहमीची कारणे आहेत. बाहेर सरकणाऱ्या खोलीचे छप्पर वाहनाच्या दिशेने कलले असेल, तर त्यावरचे पाणी सांध्याकडेच येते. म्हणून प्रथम वाहन समपातळीत आहे का, हे तपासतात. फवारा येथेही खालून वर नेतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आहे.

चुकीच्या निदानाचे परिणाम

काँक्रीटमधील सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक होते. त्या दाबाने काँक्रीटला भेगा पडतात व त्याचे ढलपे पडतात. जुन्या वाड्यांत मातीचा दर्जा ओलीने खालावतो आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजतात. अशा भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडली जाऊन हानी वाढू शकते. पडण्याच्या स्थितीतील वास्तूंबाबत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार महानगरपालिका नोटीस देऊ शकते.

खर्च कोणी करायचा, हेही निदानावर अवलंबून असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची व बाहेरील सामाईक नळ्यांची गळती संस्थेने दुरुस्त करावयाची असते. सदनिकेतील मोरी किंवा शौचालयाची गळती सामान्यतः सभासदाच्या खर्चाची बाब ठरते. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणून दिल्यास, स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करणे बंधनकारक आहे. अशा प्रसंगी ओलीच्या तारीखवार नोंदी, छायाचित्रे व चाचणीचे निष्कर्ष पुरावा म्हणून उपयोगी पडतात.