मालकी विश्वस्तांची, सत्ता कोणाची?

धंदा विकत घ्यायला कामगारांकडे पैसा कुठला? ब्रिटनमध्ये 2014 च्या वित्त कायद्याने करसवलत देऊन एक वाट रुंद केली. कामगारांच्या वतीने विश्वस्तनिधी निम्म्याहून अधिक भागभांडवल घेतो. किंमत बहुधा पुढच्या नफ्यातून हप्त्याने फिटते. 2019 साली ज्युलियन रिचर यांनी 'रिचर साउंड्स' या आपल्या दुकानांचे 60 टक्के भांडवल असे विकले.

पण तो नफा कामगारांच्याच श्रमाचा. म्हणजे किंमत तेच मोजतात. हे दान नव्हे. भांडवल त्यांच्या नावावर नसते. 2024 पासून विश्वस्तमंडळावर जुन्या मालकाचा ताबा चालत नाही. तरी त्यावर कामगार हवाच, अशी सक्ती नाही. म्हणून कार्यकर्त्याने आधी विचारावे: किंमत कोणी ठरवली? विश्वस्त कोण नेमतो? नाहीतर मालक जाईल, मालकशाही राहील.